रोजच्या कामाधंद्यात देवाचा मान राखणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात चहा घेताना जे प्रश्न निघतात, ते उपदेशानंतर कोणी हात वर करून विचारत नाही. रविवारची शिफ्ट, साहेबांनी मागितलेलं पाकीट, हुंडा, गणपतीची वर्गणी, दाखल्यावरचा धर्म, घरातली भांडी. त्यांतले पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं देणारा मराठी प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, वाढलेला आहे. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक वाचकांना काही शब्द वेगळे वाटतील, पण अडचणी त्याच आहेत. वचनांचे संदर्भ दिले आहेत. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून ती आपल्या डोळ्यांनी वाचावीत, एवढी विनंती.

रविवार देवाचा, बाकीचे सहा दिवस संसाराचे. असं मानलं तर काय बिघडतं?

आमोस संदेष्ट्याच्या काळातले व्यापारी असंच मानत होते. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, ते नीट पाळायचे, दुकानं बंद ठेवायचे. पण मनात एकच, हा दिवस कधी सरतो आणि माप लहान, ताजवा खोटा करून धान्य कधी विकायला मिळतं (आमोस ८:४-६). संदेष्ट्याने त्यांना शब्बाथ मोडला म्हणून झापलेलं नाही. झापलं ते दुसऱ्या दिवशीच्या धंद्याबद्दल.

नव्या करारातही हेच दिसतं. प्रेषित पौल देवाच्या गौरवाविषयी लिहितो तेव्हा खाण्यापिण्याचं नाव घेतो (१ करिंथ १०:३१). आणि जे वचन आपण कॅलेंडरवर छापतो, 'जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा' (कलस्सै ३:२३), ते मुळात कोणाला लिहिलं होतं हे पाहण्यासारखं आहे. ते गुलामांना लिहिलेलं आहे. पगार नाही, सुट्टी नाही, काम सोडायची सोय नाही, अशा माणसांना. त्यांचं काम समाजाच्या हिशेबात कशातच धरलं जात नव्हतं आणि पौल त्यांना सांगतो की तुमचा खरा धनी प्रभू आहे, तुमचं काम तो मोजतो. मात्र लगेच पुढे धन्यांनाही बजावलंय की दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, कारण तुमच्यावरही स्वर्गात धनी आहे (४:१). हे दुसरं वचन कॅलेंडरवर फारसं दिसत नाही. मालक मंडळींनी पहिलं वचन कामगारांना ऐकवायच्या आधी दुसरं स्वतः वाचावं, असं मला ठामपणे वाटतं.

माझं काम अगदी साधं आहे. धुणंभांडी, स्वयंपाक, झाडलोट. यात देवाचा मान कसला?

येशू वयाच्या साधारण तिसाव्या वर्षी लोकांसमोर आला (लूक ३:२३). त्याआधी नासरेथात तो सुतार म्हणून ओळखला जात होता (मार्क ६:३). त्या वर्षांत त्याने काय काय घडवलं, कोणाचं दार बसवलं, यातलं काहीच लिहून ठेवलेलं नाही. पण बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी झाली की तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे, तेव्हा एकही चमत्कार झालेला नव्हता आणि एकही प्रवचन दिलेलं नव्हतं. बाप संतुष्ट होता तो त्या सुतारकामाच्या वर्षांसकट. आणि पुनरुत्थानानंतर त्याच येशूने तिबिर्याच्या समुद्रकाठी काय केलं? कोळसे पेटवून मासळी भाजली, भाकर मांडली आणि रात्रभर जाळी टाकून दमलेल्यांना म्हणाला, या, न्याहारी करा (योहान २१:९-१२).

यापोची टबीथा वारली तेव्हा विधवांनी पेत्राला तिचे गुण सांगितले नाहीत, तिने शिवलेले झगे आणि वस्त्रं दाखवली (प्रेषित ९:३९). सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात बंधू लॉरेन्स नावाचा एक लंगडा माणूस होता. आधी सैनिक, नंतर मठाचा स्वयंपाकी, म्हातारपणी चपला दुरुस्त करणारा. स्वयंपाकघरातल्या गडबडीतही देव आपल्याला गुडघे टेकल्यावर असतो तितकाच जवळ असतो, असं तो म्हणे. १६९१ मध्ये तो वारला. त्याच्याशी झालेली बोलणी आणि त्याची पत्रं लोक आजही वाचतात.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर दौंड तालुक्यातल्या केडगावला जा. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या मुली आणि टाकून दिलेल्या विधवा नुसत्या प्रार्थना करत बसल्या नव्हत्या. विणकाम, शेती, दूधदुभतं, छापखाना, सगळं त्या शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं, १९२२ मध्ये मरणाच्या आधी ते पुरं केलं, आणि ते छापण्यासाठी खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरांचे ठसे, जुळवले ते याच बायकांनी. ज्यांना गावाने अक्षर शिकू दिलं नव्हतं त्यांच्या बोटांखालून देवाचं वचन छापून निघालं. खिळे जुळवणं हे कंटाळवाणं, डोळे फोडणारं काम आहे. एक वेलांटी चुकली तर ओळ पुन्हा बसवायची.

काम 'देवासाठी करणं' म्हणजे नेमकं काय? सुरू करताना प्रार्थना केली की झालं?

प्रार्थना करावीच. नहेम्या हा राजाचा चाकर. तो राजाच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी एका क्षणात मनातल्या मनात प्रार्थना करतो (नहेम्या २:४), तेवढीही पुरते. पण प्रार्थनेने सुरू केलेलं काम आपोआप देवाच्या मानाचं होत नाही.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक नदीवर आले आणि विचारू लागले, आम्ही काय करावं? (लूक ३:१०-१४). या प्रश्नाला त्याने जी उत्तरं दिली ती मला संपूर्ण विषयाची किल्ली वाटते. जकातदारांना तो म्हणाला, ठरवून दिलं आहे त्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणाला, कोणाला धाकदपटशा करून पैसे काढू नका, आपल्या पगारात भागवा. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याला म्हणाला, एक देऊन टाक. नोकरी सोडून रानात या, असं त्याने कोणालाच सांगितलं नाही. उपास किंवा जागरणाचंही नाव काढलं नाही. प्रत्येक उत्तरात समोर एक माणूस उभा आहे, ज्याला त्या जकातदाराच्या किंवा शिपायाच्या हातून काहीतरी मिळणार आहे. आपल्या कामाचं दुसरं टोक ज्याच्या हातात जातं, त्याला काय मिळालं यावरून देवाचा मान राहिला की गेला ते ठरतं.

कांद्याची गोणी घ्या. निवड चालू असते. मोठा माल एका बाजूला, बारीक गोल्टी दुसऱ्या बाजूला, जोड कांदा आणि दांडा आलेला डेंगळा वेगळा. गोणी भरताना हात सवयीने काय करतात ते शेतकऱ्याला सांगायला नको. तळाशी आणि पोटात बारीक, नरम, आणि तोंडाशी लालबुंद, एकसारखा माल. वर सुतळी शिवली की काम फत्ते. शेतकरीही नाडलेला असतो, व्यापारी वजनात कापतो, भाव पडलेला असतो, हे सगळं खरं. तरी ती गोणी शेवटी कुठल्यातरी खानावळवाल्या बाईच्या स्वयंपाकघरात उघडते, व्यापाऱ्याच्या घरी नाही. व्यापाऱ्यावरचा राग तिच्या पदरात पडतो. अनुवाद २५:१३-१५ मध्ये पिशवीत दोन तऱ्हेची वजनं ठेवू नका असं आहे, तेव्हा देवाच्या नजरेपुढे हीच बाई आहे.

आता इस्पितळ. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून मराठी ख्रिस्ती घरांतल्या किती मुली नर्स झाल्या याला गणती नाही. अर्धांगवायूचा रोगी असेल तर दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला, टाचांना जखमा होतात. रात्री तीन वाजता वॉर्ड झोपलेला असतो. रजिस्टरमध्ये 'पोझिशन बदलली' असं लिहून सही करायला दहा सेकंद लागतात. खरोखर बदलायला लागतात दहा मिनिटं. मावशींना उठवायचं, दोघींनी मिळून रोग्याला कुशीवर घ्यायचं, पाठ पुसून कोरडी करायची, चादरीची सुरकुती ओढून काढायची, गुडघ्यांमध्ये उशी द्यायची, टाच गादीला टेकत नाही ना ते बघायचं. तो माणूस बोलू शकत नाही. तक्रार करणार नाही, आभारही मानणार नाही. कोणी बघत नसताना ती चादर ओढून सरळ करणं, ही उपासना आहे. याहून स्पष्ट मला सांगता येणार नाही.

सरकारी कामात 'चहापाणी' दिल्याशिवाय फाइल हलत नाही. द्यावं का?

घेणं आणि देणं यांत फरक करायला हवा. घेणाऱ्याला शास्त्रात कुठेही सवलत नाही. लाच डोळसांना आंधळं करते (निर्गम २३:८). सरकारी नोकरीत असलेल्या ख्रिस्ती माणसाने 'सगळेच घेतात, माझा वाटा टेबलावर आपोआप येतो' असं म्हणू नये. तो वाटा कुठल्यातरी विधवेच्या पेन्शनच्या फाइलमधून आलेला असतो.

देणाऱ्याचं मन मात्र मी जाणतो. रेशनकार्ड अडलंय, सातबाऱ्यावर नोंद होत नाही, मुलीचा प्रवेश हातचा जातोय. अशा वेळी नुसतं 'देऊ नका' म्हणणं सोपं आहे, म्हणून आधी हातात काय आहे ते सांगतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं. अर्जाची पोच घ्या, तारीख लिहून ठेवा. पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणंही गुन्हा आहे. पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत तक्रार केली, तर देणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे.

यात उशीर होतो, हेलपाटे पडतात. मंडळीने इथे मदतीला यायला हवं. तहसीलीत एकट्या विधवेला पाठवू नका. अर्ज लिहू शकणारा, चारचौघांत बोलू शकणारा कोणीतरी तिच्यासोबत जावा. पवित्र शास्त्राच्या अध्ययनाइतकंच हेही मंडळीचं काम आहे.

'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असं सांगायला लावतात. हे छोटं खोटं चालतं का?

'साहेब आत्ता बोलू शकत नाहीत, निरोप घेऊ का?' हे खरं आहे आणि तेवढंच भागतं. बहुतेक छोट्या खोट्याला असं एक खरं वाक्य शेजारी सापडतं. साहेबांना एकदा नम्रपणे सांगून ठेवा. जो माणूस तुमच्यासाठी खोटं बोलत नाही, तो तुमच्याशीही खोटं बोलणार नाही, हे शहाण्या साहेबाला कळतं.

दाखल्यावर अजून 'हिंदू' आणि जुनी जात आहे. आम्ही तर तीन पिढ्या ख्रिस्ती आहोत. हे खोटेपण आहे का?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. उत्तर मोठ्याने द्यायला हवं.

१९५० च्या संविधान (अनुसूचित जाती) आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. गावकुसाबाहेरचं घर बाप्तिस्म्याने गावात आलं नाही, पण सवलत मात्र गेली. हा अन्याय आहे असं मी मानतो. त्याविरुद्धचा लढा न्यायालयात बरीच वर्षं चालू आहे, आणि केंद्र सरकारने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर आयोगही नेमला.

आजोबांनी शाळेत जे नाव आणि जी जात लावली, त्याचं ओझं नातवाच्या सद्सद्विवेकावर टाकू नका. शिकलं तर पोट भरेल, एवढंच त्यांना दिसत होतं. पण आज तुम्ही स्वतः शपथपत्रावर 'मी ख्रिस्ती नाही' असं लिहून सही करणार असाल, तर तो प्रश्न वेगळा आहे. तिथे मी तुम्हाला सही करा म्हणू शकत नाही. आणि ज्यांच्या घरात चार पगार येतात, ज्यांना कधी या सवलतीची गरज पडली नाही, त्यांनी अशा कुटुंबांना 'नावाचे ख्रिस्ती' म्हणणं तर मुळीच शोभत नाही. त्यांनी त्या घरातल्या मुलीची फी भरावी. सत्य बोलण्याची किंमत एकट्या गरिबाने का मोजावी?

रविवारी शिफ्ट लागते. उपासना बुडते. नोकरी सोडू?

नाही. नर्स, ड्रायव्हर, वॉचमन, पोलीस यांची ड्यूटी म्हणजे लोकांची गरज आहे. शब्बाथाला बैल विहिरीत पडला तर तुम्ही त्याला वर काढणार नाही का, असं खुद्द येशूने विचारलं (लूक १४:५).

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना तर रविवारची सुट्टी नव्हतीच. रोमी सम्राट कॉन्स्टंटाइनने तो विसाव्याचा दिवस ठरवला तो ३२१ मध्ये. त्याआधीचे विश्वासी उजाडण्यापूर्वी एकत्र येत, गात, आणि मग कामाला जात. आखाती देशांत गेलेली आपली मंडळी वर्षानुवर्षं शुक्रवारी उपासना करत आली. शिफ्टची अदलाबदल मागा. जमलं नाही तर संध्याकाळची घरगुती प्रार्थनासभा धरा आणि आठवड्यातला एक दिवस खरोखर विसाव्याला राखा. ओव्हरटाइमच्या चार पैशांसाठी दर रविवार स्वतःहून मागून घेत असाल, तर गोष्ट निराळी. ते तुमचं तुम्हाला माहीत असतं.

शेजारच्यांचा फराळ, प्रसाद, गणपतीची वर्गणी, कारखान्यातली खंडेनवमीची पूजा. यात कसं वागावं?

दिवाळीचा फराळ प्रेमाने घ्या, प्रेमाने खा आणि नाताळात आपल्या करंज्या, शंकरपाळे, केक त्याच डब्यातून पाठवा. डबा रिकामा परत करायचा नसतो, ही आपल्या सर्वांचीच रीत आहे.

प्रसादाबाबत विश्वासी लोकांत दोन मतं आहेत आणि पौलाच्या काळातही होती. मूर्तीला दाखवलेलं अन्न हे अन्नच आहे, पण कोणी 'हे अर्पण केलेलं आहे' असं सांगून दिलं आणि त्यामुळे एखाद्याच्या विवेकाला ठेच लागत असेल तर खाऊ नका, असा त्याचा सल्ला आहे (१ करिंथ १०:२५-२९). मी स्वतः प्रसाद घेत नाही, पण हात जोडून, हसून, आभार मानून नाही म्हणतो. जो घेतो त्याला कमी विश्वासाचा समजत नाही. रोमकरांस १४ वा अध्याय याचसाठी आहे.

वर्गणी मागायला येणारी मुलं आपल्याच गल्लीतली असतात. मंडळाच्या रक्तदान शिबिराला किंवा विसर्जनाच्या दिवशी पाणी वाटायला पैसे द्या, स्वतः उभे राहा. दार लावून घेणं हा देवाचा मान नव्हे.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. फोरमनना चार दिवस आधी एकट्यात सांगा की मी हळदकुंकू वाहणार नाही, पण साफसफाईत पुढे असेन. मग यंत्र असं पुसा की तेलाचा डाग राहू नये. पूजेच्या वेळी शांतपणे उभे राहा. सिरियाचा सेनापती नामान नव्याने देवाकडे वळला होता. राजा माझ्या हातावर टेकून दुसऱ्या देवाच्या मंदिरात नमन करील तेव्हा मलाही वाकावं लागेल, याची क्षमा असो, असं तो अलीशा संदेष्ट्याला म्हणाला. अलीशाने लांबलचक बोधामृत पाजलं नाही. 'शांतीने जा' एवढंच म्हणाला (२ राजे ५:१८-१९). अडचणीतल्या माणसाशी असंच बोलावं.

घरकामात पुरुषांनी हात लावावा असं शास्त्रात कुठे आहे?

योहान १३. प्रभूने कमरेला रुमाल बांधला आणि घरातल्या सगळ्यात खालच्या नोकराचं काम केलं. 'तुम्हीही एकमेकांचे पाय धुवावेत' हे त्याने तिथे बसलेल्या पुरुषांनाच सांगितलं होतं. रविवारी उपासनेहून आल्यावर बायको स्वयंपाकघरात आणि आपण पेपर घेऊन खुर्चीत, ही मांडणी त्या अध्यायापुढे टिकत नाही.

कामाला येणाऱ्या मावशींशी कसं वागावं?

चौथी आज्ञा पुन्हा वाचा (हे क्रमांक प्रोटेस्टंट मोजणीचे). विसावा एकट्या घरधन्याला दिलेला नाही. दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका, सगळ्यांना दिलेला आहे (अनुवाद ५:१४). आपण चर्चला जाता यावं म्हणून मावशींना रविवारी लवकर बोलावतो, तेव्हा ही आज्ञा मोडतो. आठवड्याची एक भरपगारी सुट्टी द्या. पगार एक तारखेला द्या, 'उद्या सुट्टे आणते' नको. मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्या पैशाकडे त्याचं मन लागलेलं असतं, असं अनुवाद २४:१५ म्हणतं. आणि याकोब लिहितो की अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते, आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते (५:४). वेगळा कप, वेगळी बशी ज्या ख्रिस्ती घरात आहे तिथे प्रभुभोजनाचा प्याला घेण्याआधी विचार व्हावा.

दशांश देतो, पण मग आईवडिलांच्या औषधाला पैसे उरत नाहीत. काय आधी?

औषध. येशूने परूशांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी धर्मपुढाऱ्यांना, याच मुद्द्यावर धारेवर धरलं होतं. आईबापांना जे द्यायचं ते 'देवाला वाहिलं' म्हणून टाकायचं आणि मोकळं व्हायचं, ही त्यांची युक्ती त्याने उघडी पाडली (मार्क ७:९-१३). जो उपदेशक तुम्हाला आईची इन्सुलिन बंद करून दान द्यायला सांगतो, त्याच्यापासून लांब राहा. परिस्थिती सुधारली की पुन्हा द्या. तोवर गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणीही, देव ओळखतो.

हुंडा घेत नाही, पण 'मुलीकडचे हौसेने देतात'. चालेल?

नाही. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे आणि आपल्या मंडळ्यांतही अजून 'मानपान', 'गाडी', 'हॉलचा खर्च' या नावांनी तो चालू आहे. ती हौस कर्जाच्या हप्त्यांत फिटत असते. मुलाने स्वतः तोंड उघडून 'मला काही नको' असं सासऱ्यांना सांगावं, आणि आपल्या आईलाही.

साक्ष द्यावी म्हणून कामाच्या ठिकाणी येशूबद्दल बोलावं का?

विचारलं तर सौम्यतेने आणि आदराने सांगा (१ पेत्र ३:१५). कामाचा वेळ मालकाचा आहे, तो पत्रकं वाटण्यात घालवणं ही चोरी होईल. कॉलेजातल्या मुलांना एवढंच सांगेन की गळ्यात क्रूस घालून परीक्षेत कॉपी केली, तर बाजूच्या बाकावरच्याला तुमच्या प्रभूबद्दल काय कळायचं ते कळलं.

पूर्वी चुका झाल्या आहेत. वजनात मारलं, बिलं वाढवून लावली, कोणाचे पैसे बुडवले. पश्चात्ताप केला, प्रार्थना केली. पुरे का?

देवाची क्षमा पूर्ण आहे. ती ख्रिस्ताच्या वधस्तंभामुळे मिळते, आपल्या परतफेडीमुळे नाही. पण ज्याचे पैसे गेले त्याचे अजून गेलेलेच आहेत. जकातदार जक्कयाच्या घरी तारण आलं तेव्हा तो उभा राहून म्हणाला, ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट देतो (लूक १९:८). मोशेच्या नियमशास्त्रात मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा असं मोजमाप आहे, आणि तो माणूस हयात नसेल, त्याचा जवळचा नातलगही नसेल, तर ती रक्कम कुठे द्यायची हेही सांगितलंय (गणना ५:६-८). म्हणजे देवाने ही गोष्ट नुसत्या भावनेवर सोडलेली नाही.

एका वहीत नावं लिहा. कोणाचं, साधारण किती, कधी. आठवत नसेल तर अंदाजाने जास्त धरा, कमी नको. ज्यांना भेटता येईल त्यांना स्वतः भेटा, फोनवर उरकू नका. कारणं सांगत बसू नका. 'एवढे तुमचे माझ्याकडे आले होते, ते द्यायला आलोय' इतकं पुरे. एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवा आणि तारखा पाळा. कंपनीचे असतील तर नोकरी जाऊ शकते, गुन्हाही दाखल होऊ शकतो. म्हणून आधी पाळकसाहेबांशी आणि एखाद्या जाणत्या वकिलाशी बोला, पण ते बोलणं टाळायचं निमित्त होऊ देऊ नका. आणि ज्यांचा काहीच पत्ता लागत नाही, त्यांच्या वाटचे पैसे गरजू घरात द्या. पावती नको, नाव नको, चर्चच्या अहवालात उल्लेखही नको.